हवा वजा

१२ जानेवारी

वस्तुस्थिती क्रमाने नोंदवते, म्हणजे पुढे कोणी तिची मोडतोड करू शकणार नाही.

पहिली बाब. कंपनीच्या चालू दरपत्रकात साधारण मालाचे तीनशे बारा प्रकार आहेत. खिळे, काचसामान, टोपल्या, साबण, जुने कपडे, लाकडी कोळसा. प्रत्येकाचा दर निराळा. यांतले निम्मे दर कोणी, केव्हा आणि कशावरून ठरवले, हे आज कार्यालयात एकालाही सांगता येत नाही.

दुसरी बाब. भाडे आकारण्याचे तत्त्व मात्र एकच आहे आणि ते निर्दोष आहे. एक टन वजन किंवा एक घनमीटर जागा, या दोहोंपैकी ज्याचा आकडा अधिक भरेल त्यावर भाडे. खिळ्यांची पेटी लहान पण जड. ती वजनावर जाते. टोपल्या हलक्या पण ऐसपैस. त्या आकारमानावर जातात. एक टन लाकडी कोळसा जवळजवळ चार घनमीटर जागा अडवतो, म्हणून तोही आकारमानावर. जहाज म्हणजे अखेर विकायला काढलेली पोकळी. तिचा कोपरा न् कोपरा विकला गेला पाहिजे.

तिसरी बाब. नव्या दरपत्रकाचे काम संचालक मंडळाने ठराव करून माझ्याकडे सोपवले आहे. दर विभागात एकवीस वर्षे काढलेली आणि याच विषयावर प्रबंध लिहिलेली कार्यालयातली मी एकमेव व्यक्ती. हे काम याआधी का सोपवले नाही, हा प्रश्न मी मंडळाला विचारणार नाही. इथे विचारते.

चौथी बाब. मुदत एक मार्च.

पाचवी बाब क्रमात बसत नाही. धाकटा रजेवर घरी आला आहे. आमच्याच कंपनीच्या मालवाहू जहाजावर पहिला अधिकारी झाला, तरी पानावर बसला की वय वर्षे बाराच. मी वाढत होते, तर बायकोला म्हणतो, "जपून हं. ताई वजनावर वाढते की आकारमानावर, ते आधी विचारून घे." भावजय शाळेत चित्रकला शिकवते. तिला हसायला कारण लागत नाही.

१९ जानेवारी

एक गंभीर गोष्ट उघडकीस आली.

बंदरावर आमचा एक जुना मोजणीदार आहे. सगळे त्याला टेपकाका म्हणतात. माल जहाजात रचून झाला की हा मालकोठ्यात उतरतो, थप्पीची लांबी, रुंदी, उंची मोजतो आणि वहीत लिहितो. त्या आकड्यांवर भाडे निघते. त्याच्या गेल्या सहा वर्षांच्या वह्या मागवून घेतल्या. कोळशाच्या प्रत्येक नोंदीखाली एक ओळ आहे: "एकूण १२००, हवा वजा १३१, आकारणी १०६९." दर खेपेला शेकडा अकराच्या आसपास जागा "हवा" म्हणून सोडून दिलेली! छापील दरपत्रकात अशा सुटीचा मागमूस नाही.

त्याला बोलावून घेतले. टोपी हातात, टेप कमरेला, बूट चिखलाचे. माझ्या गालिच्याकडे बघून दारातच थबकला.

"ही हवा म्हणजे काय?"

"फटी, मॅडम. कोळशाची पोती रचताना दोन रांगांमागं हातभर फट सोडायची, मधे फळकुटं घालायची. वरून खालपर्यंत वारा खेळला पाहिजे. त्या फटीचं भाडं घेत नाही आपण."

"कोणत्या कलमाखाली?"

"कलम बिलम नाही हो. माझ्या आधीच्या मोजणीदारानं सांगितलं. त्याला त्याच्या आधीच्यानं."

"म्हणजे आधार काही नाही."

त्याने थोडा वेळ टोपी फिरवली. "आधार म्हणजे, जहाज परत येतंय की, मॅडम."

अशा उत्तरांवर कंपनी चालली आहे. मी वहीच्या समासात लाल शाईने लिहिले: "लेखी आधार नाही."

२ फेब्रुवारी

बैठक झाली. तीनशे बारा प्रकारांचे मी एकवीस वर्ग केले. प्रत्येक वर्गाचा दर चार गोष्टींवरून काढला: फेरीचा खर्च, मालाने अडवलेली जागा, प्रतिस्पर्धी काय घेतात, आणि त्या मालाला किती भाडे सोसेल. एक संचालक म्हणाले, "साबणाला जास्त आणि कोळशाला कमी, हे कसं? जागा तर तेवढीच." मी सांगितले की साबणाच्या किमतीत भाडे विरघळून जाते, कोळशाच्या किमतीत ते टोचते, कोळशाला साबणाचा दर लावला तर कोळसा जहाजावर येणारच नाही आणि पोकळी रिकामी जाईल. मोठे साहेब म्हणाले, "इतकं स्वच्छ कधी कोणी सांगितलं नव्हतं." हे खरे आहे.

कलम सतरा शब्दशः मंजूर झाले: "व्यापलेली जागा म्हणजे थप्पीच्या बाह्य सीमांमधील संपूर्ण जागा. अंतर्गत पोकळी वजा केली जाणार नाही." माझ्या मते संपूर्ण दरपत्रकातले हे सर्वांत देखणे वाक्य आहे.

जेवताना धाकट्याला दाखवले. त्याने दोनदा वाचले आणि चेष्टा केली नाही.

"ताई, कोळशाला फट लागते गं. पोत्याच्या पोटात ऊब धरतो तो. वारा मिळाला नाही तर आतल्या आत तापतो."

"मग ठेवा की फट. ठेवू नका असे कलम कुठे म्हणते? फटीचे भाडे भरा, एवढेच."

"पैसे मोजून रिकामी जागा कोण घेईल? तिथे आणखी पोती कोंबतील."

"ते पाहणे पहिल्या अधिकाऱ्याचे काम आहे. तुझे."

तो बायकोकडे बघून म्हणाला, "ऐकलंस? घरातच नेमणूक झाली माझी."

परवा तो रुजू होतो आहे. यंदा त्याचे जहाज कोळशाच्याच मार्गावर आहे. त्याचे मोजे मला सापडत नाहीत. भावजय म्हणते पेटीत आहेत.

११ फेब्रुवारी

टेपकाका पुन्हा आला. या वेळी हातात कागद. "तुम्ही म्हणता लेखी, म्हणून आणलंय." वहीतून फाडलेले रेघांचे पान, कडा कुरतडल्यासारखी. त्यावर, बहुधा नातीच्या हस्ताक्षरात, पाच-सहा ओळी: अमुक वर्षी अमुक जहाज, फटी नव्हत्या, तिसऱ्या आठवड्यात धूर. तमुक वर्षी तमुक. शेवटी त्याची मोडकी सही.

जावक क्रमांक नाही. विभागप्रमुखाची शिफारस नाही. "ऐकिवात आहे" असा शब्दप्रयोग दोन ठिकाणी. असा कागद मी धारिकेत लावला तर उद्या किराणामालाची यादीसुद्धा लावावी लागेल. योग्य नमुन्यात, योग्य मार्गाने सादर करावे, असा शेरा मारून परत केला.

"मॅडम, जावक क्रमांक कुठं मिळतो?" त्याने विचारले.

"तुमच्या विभागात जावक नोंदवही असेल."

"आमच्या विभागात मी आणि टेप."

हा उद्धटपणा होता की भाबडेपणा, ठरवता आले नाही. दोन्ही मला सारखेच नापसंत.

४ मार्च

दरपत्रक लागू झाले. आज नव्या कलमाखालचे पहिले जहाज पाहायला बंदरावर गेले. शिडीवरून मालकोठ्यात डोकावले. काळ्या पोत्यांची थप्पी भिंतीपासून भिंतीपर्यंत, तळापासून झाकणापर्यंत. कुठे बोट शिरायला जागा नाही. हमाल शेवटच्या रांगा लाकडी ठोकळ्याने ठोकून बसवत होते. सुबक छापलेल्या पानासारखे दिसत होते ते. इतकी वर्षे मी कागदावर जे मांडत आले ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले, आणि माझे मन भरून आले. हे इथे लिहायला हरकत नाही.

टेपकाका खाली उभा होता. त्याने लांबी, रुंदी, उंची घेतली, वहीत लिहिली. त्याखालची ओळ लिहायला पेन्सिल टेकवली आणि उचलली.

वर आला तेव्हा घाम पुसत होता. खाली उकडते म्हणे.

२२ मार्च

धाकट्याचे पत्र आले. घरच्या पत्त्यावर. भावजयीने दारातून घेतले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले. तिचे स्वतःचेही आले होते, ते घेऊन ती खिडकीशी बसली.

पत्रातला मजकूर जसाच्या तसा उतरवते:

"ताई, इथला कोळसेवाला आणि आपला एजंट, दोघंही फटीला तयार नाहीत. भाडं कोण भरणार म्हणतात. मी हट्टानं दोन फटी ठेवल्या, संध्याकाळपर्यंत त्यात पोती ठोकून बसवलेली. कप्तान म्हणतात, कंपनीचं कलम आहे, आपण कशाला वाईटपणा घ्यायचा. तू फक्त एक ओळ लिही: कोळशाच्या फटींना भाडं नाही. तुझ्या सहीची ती ओळ दाखवली की सगळे सुतासारखे सरळ येतील. तारेनं पाठवलीस तरी चालेल. सव्वीसपर्यंत आम्ही इथेच आहोत. तोंडी निरोप नको, तो तू स्वतःच मानणार नाहीस! मोजे सापडले, पेटीतच होते."

विचार केला. आक्षेप तीन. एक, ही विचारणा कप्तानामार्फत यायला हवी होती. दोन, सख्ख्या भावाच्या खाजगी पत्रावरून मी कलमाला अपवाद केला, तर उद्या कार्यालयात माझ्याकडे बोट दाखवले जाईल. एकवीस वर्षांत ते कधी झालेले नाही. तीन, अपवाद केला की कलम उरत नाही.

पत्राच्या डोक्यावर शेरा लिहिला: "योग्य मार्गाने विचारणा व्हावी." पत्र घरच्या खणात ठेवले. कार्यालयात नेले असते तर आवक नोंद करावी लागली असती.

भावजयीने विचारले, "तुम्हाला काय लिहिलंय, वन्सं?"

"कार्यालयीन बाब आहे."

"मला लिहिलंय, ताईला एक गोष्ट विचारलीय, तिचं उत्तर आलं की फटी ठेवतो. कसल्या फटी हो?"

"कार्यालयीन," मी म्हटले.

२५ मार्च

आज दुपारी तारघरावरून जात होते. आत गेले. कोरा अर्ज घेतला, पत्ता लिहिला. मजकुराच्या जागी काय लिहावे हे ठरेना. "भाडे नाही" लिहायचे तर अधिकार मंडळाचा. "विचारणा करा" लिहायचे तर तारेचा खर्च समर्थनीय नाही. रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "बाई, कविता लिहिताय का?"

अर्ज फाडून टोपलीत टाकला. सर्दीची सुरुवात असावी. डोके जड आहे.

९ एप्रिल

सकाळी अकराला मोठ्या साहेबांनी बोलावले. खोलीत तिघे होते, कोणी खुर्ची दिली नाही, मग सगळ्यांनी एकदम दिली.

जहाजावरून बिनतारी संदेश आला आहे. दोन नंबरच्या मालकोठ्यात धूर. झडपा बंद केल्या. खलाशांचा मुकादम तपासायला शिडीने उतरला आणि वर आला नाही. त्याला आणायला पहिला अधिकारी उतरला.

संदेश तिथेच संपतो, असे साहेब म्हणाले. मी कागद मागितला. तिथेच संपत नव्हता.

१० एप्रिल

भावजयीला मी सांगितले. क्रमाने सांगितले. ती म्हणाली, "एकदम सांगा ना, वन्सं."

१९ एप्रिल

आज त्याचे सामान आले. पेटीत मोज्यांच्या सहा जोड्या, दाढीचे सामान, भावजयीने काढलेले माझे एक चित्र. ते त्याच्याकडे होते हे मला माहीत नव्हते. चित्रात मी टेबलाशी बसले आहे आणि पाठमोरी आहे. प्रमाण बरोबर आहे.

जहाजाच्या डॉक्टरांचा अहवाल सोबत होता. जाळ अंगाला लागलेला नव्हता. कोंडलेला कोळसा धुमसतो तेव्हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. दोघेही शिडीच्या पायथ्याशी सापडले. धाकट्याचा हात मुकादमाच्या पट्ट्यात अडकवलेला होता.

भावजयीने विचारले, "तुमच्याकडे आलेल्या पत्रात काय होतं?" मी सांगितले की चौकशी चालू असताना बोलणे योग्य होणार नाही.

२४ एप्रिल

चौकशी समितीचा मसुदा माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. भाषा गचाळ आहे. निष्कर्ष असा: फटी न ठेवता माल भरू देणे ही पहिल्या अधिकाऱ्याची हलगर्जी, तीतून त्याचा स्वतःचा आणि मुकादमाचा मृत्यू ओढवला. ही प्रत मुकादमाच्या घरीही जाईल. त्याची म्हातारी आई आहे.

मोठे साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुमच्यासाठी कठीण आहे, समजतं मला. फक्त एक दाखला हवा. कलम सतरानं फटींना मनाई केली होती का, नव्हती का? हो की नाही, एवढंच. तुमच्याइतकं अचूक कोण सांगणार?"

"मनाई नव्हती," मी म्हटले.

"तेच लिहा."

बाहेर जिन्यात टेपकाका बसला होता. समितीने त्याला बोलावले होते, पण त्याच्याजवळ कागद नाही म्हणून त्याचा जबाब घेतला नाही. मला पाहून उठला. मला वाटले शिव्या देईल. तो म्हणाला, "पोरगं चांगलं होतं हो. मालकोठ्यात उतरलं की आधी मला विचारायचं, काका, हवा किती धरली?"

मी म्हटले, "आपण तो कागद योग्य नमुन्यात का दिला नाहीत?"

त्याने माझ्याकडे बघितले. रागाने नाही. एखादी थप्पी कोसळेल की उभी राहील, असा अंदाज घेतात तसे.

२९ एप्रिल

दाखला लिहिला. पाच मसुदे केले. अखेरचा असा:

"प्रमाणित करण्यात येते की दरपत्रकातील कोणत्याही कलमान्वये थप्प्यांमध्ये फटी ठेवण्यास मनाई नव्हती व नाही. फटी ठेवणे अथवा न ठेवणे हा सर्वस्वी जहाजाच्या पहिल्या अधिकाऱ्याचा निर्णय होता."

यात असत्य काय आहे? शब्दन् शब्द तपासला. असत्य काही नाही. कुणीही भिंग घेऊन बसावे.

पत्र खणात आहे. समितीने ते मागितलेले नाही. त्यावर आवक क्रमांक नाही. म्हणजे नोंदीच्या दृष्टीने ते आलेले नाही. "सर्वस्वी" या शब्दाजवळ मात्र लेखणी दर वेळी अडते. पर्यायी शब्द शोधला. "मुख्यतः" घातला तर प्रश्न येतो, उरलेला कोणाचा? म्हणून "सर्वस्वी"च ठेवला.

सही केली. जावक क्रमांक ४१७.

१ मे

दाखला समितीने स्वीकारला. निष्कर्ष कायम झाला. प्रत घरी आली. भावजयीने दारातून घेतली आणि उभ्याउभ्या वाचली.

"म्हणजे त्यांनीच मुकादमाला मारलं," ती म्हणाली.

"असे कुठे लिहिले आहे? हलगर्जी असा शब्द आहे."

"खाली सही तुमची आहे, वन्सं."

"माझी सही केवळ दाखल्यावर आहे. निष्कर्ष समितीचा आहे. या दोहोंत फरक आहे."

ती हसली. तिला हसायला कारण लागत नाही, असे मी पूर्वी कुठेतरी लिहिले आहे. मग ती पायात चपला सरकवून बाहेर पडली. कुठे जातेस विचारले, तर म्हणाली, "टेपकाकांकडे. फटी म्हणजे काय ते शिकायला."

३ मे

दोन दिवस माझ्या खणाची किल्ली जागेवर नव्हती की मीच दुसरीकडे ठेवली, हे आठवत नाही. आज सकाळी टेबलावर दोन कागद होते. एक, धाकट्याचे पत्र, डोक्यावर माझा शेरा. दुसरा कागद चित्रकलेच्या वहीतला, जाड. तो जसाच्या तसा उतरवते. मांडणीत दोष काढायचा म्हटले तरी सापडत नाही.

"जावक क्रमांक १. (टेपकाका म्हणाले, क्रमांक नसला तर तुम्ही कागद परत करता. माझा हा पहिलाच, म्हणून एक.)

वन्सं,

एक. बावीस मार्चला हे पत्र आलं. मी स्वतः तुमच्या टेबलावर ठेवलं.

दोन. त्यात त्यांनी तुमच्याकडे एक ओळ मागितली होती.

तीन. ओळीची वाट बघत ते सव्वीसपर्यंत त्या बंदरात होते. तारघर आपल्या घरापासून सात मिनिटांवर आहे. मी काल चालून बघितलं.

चार. दाखल्यात तुम्ही लिहिलंत, निर्णय सर्वस्वी त्यांचा होता.

यातलं काही चुकलं असेल तर दुरुस्त करा, लाल शाईनं चालेल. हीच प्रत, पत्राच्या नकलेसह, मी आज मुकादमाच्या आईकडे घेऊन जाते आहे. त्यांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवीन. त्या विचारतील, मग ती ओळ का नाही पाठवली? मी काय सांगू?

मी तुम्हाला तीनदा तोंडी विचारलं. या वेळी उत्तर लेखी द्या."